आबांच्या मोटारीची खरी कॉइल

मोटार चालवायला मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं, आणि तेही माझ्याशी एक शब्द न बोलता. हे सांगितलं की आज नातवंडं पोट धरून हसतात. पण साठ सालाच्या आसपास आमच्या तापीकाठच्या गुजर घरांत सुनेनं सासऱ्यासमोर लाज काढायची, म्हणजे पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, अशी रीतच होती. आता नाकापर्यंत पदर ओढून मोटार हाकायची कशी? सासऱ्यांना सगळं घर आबा म्हणायचं. आबांनी पहिल्याच दिवशी स्टेअरिंगकडे बघत म्हटलं, "पदर मांगे ले, रस्ता देख." बोलले स्टेअरिंगला, समजून घ्यायचं मी. मला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मी हॉर्न वाजवला. तेव्हापासून एक हॉर्न म्हणजे हो आणि दोन हॉर्न म्हणजे नाही, असं आमचं दोघांचं बोलणं सुरू झालं. दोन हॉर्न मी बऱ्याचदा वाजवायची. मी आहेच तशी, नाकावर राग घेऊन जन्मलेली.

मुलांना शिकवून आबांनी हात टेकले होते. माझ्या नवऱ्यानं मोटार थेट केळीच्या बागेत घातली होती, आणि धाकट्यानं, म्हणजे माझ्या दिरानं, ब्रेक दाबायचा सोडून बैलांना म्हणतात तसं "हो, हो" म्हटलं होतं. मी माहेरी धानोऱ्याला वडिलांचा टांगा हाकलेला. हिच्या हाताला अंदाज आहे, असं आबा सासूबाईंना म्हणाले आणि सासूबाईंनी ते मला येऊन सांगितलं. आमच्या घरात कौतुक असंच वळसा घालून पोचायचं.

मोटार विलायती, लढाईच्या आधीची, कापडी टपाची. सातपुड्यातल्या एका लहानशा संस्थानिकाची होती. संस्थानं गेली तेव्हा त्याच्याकडच्या वस्तू निघाल्या, त्यात ती आबांनी घेतली. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. आबा तिला स्वतः पुसत, तिच्या दिव्यांची पितळ चिंचेनं घासत. सासूबाई म्हणत, माझ्या लग्नात मला एवढं बघितलं नव्हतं.

मग आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय आणि उजवा हात गेला. बोलणं परत आलं, पण अडखळत. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. आबांना ते नशीब वाटलं नाही. ओसरीत खाट टाकली, आणि ज्या माणसानं उभं आयुष्य उन्हातान्हात काढलं तो माणूस छताच्या वाशांकडे बघत पडून राहिला. तेव्हा मीच त्यांना रोज सकाळी मोटारीतून शेतावर न्यायला लागले. नवरा आणि दीर दोघं मिळून त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवत. कापसाच्या रानाला एक वळसा, उसाला एक वळसा, मग नदीवर. मोटारीत बसले की आबांच्या तोंडाला चव यायची, जेवायची वेळ लक्षात यायची, गड्यांवर ओरडायचं बळ यायचं. घरी आले की पुन्हा गप्प. त्या फेरीवर त्यांचा दिवस उभा होता, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

आणि नेमकी तेव्हाच मोटार दगा द्यायला लागली. तशी ती पूर्वीही कुरकुर करायची, पण आता हद्द झाली. सपाटीवर चालायची, पण नदीचा चढ आला की ठसके देत मान टाकायची. मग बैल आणायचे, जू बांधायचं आणि आबांसकट मोटार गावातून ओढत न्यायची. लोक ओट्यांवर उभे राहून बघत. कुणी तोंडावर हसलं नाही, पण पाठीमागचं हसू काय कळत नाही का? असं दोन-चारदा झालं, आणि एके सकाळी आबांनी मोटारीत बसायला नकार दिला. भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दिवस तसेच गेले. ताट पुढे केलं तर दोन घास, बोलायला गेलं तर हूं. सासूबाई चुलीपाशी बसून डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, धूर फार झाला आहे आज.

अशात दिरानं ओट्यावर बसून आपला बेत सांगितला. "हाई मोटार आते दारमा बठी ऱ्हायनी. तिन्हं इंजिन काढीसन नदीवर पंपाले लावूत. पानी तरी खेची." दीर वाईट नव्हता. उसाला पाणी हवं होतं, आणि तेव्हा काठावरच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी जुन्या मोटारींची इंजिनं काढून पंपांना जोडली होती. त्याच्या कानावर कायम एक पेन्सिल असायची, ऊसगाड्यांचा हिशेब मांडायला. ती काढून त्यानं ओट्याच्या फरशीवर पंप, पट्टा, इंजिन असं चित्रसुद्धा काढलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबा आत आहेत, त्यांना ऐकू जाईल, काही सुचलं नाही. मी म्हटलं, "हीच मोटार शिवरात्रीला आबांना घेऊन तोरणमाळ चढेल. नाही चढली, तर मी स्वतः पाना घेऊन इंजिन उतरवून देईन."

दीर हसला. "भाभी, नदीनी टेकडी चढत नही ती, आनि तोरणमाळ?"

"चढली तर पुन्हा इंजिनाचं नाव काढायचं नाही."

"नही काढाव," तो म्हणाला.

माझा आवाज ओसरीत पोचला होता. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आबांनी कूस बदलली नाही. त्यांच्या पाठीकडे बघून मला काहीच कळेना. तोरणमाळचा रस्ता म्हणजे सातपुड्याच्या अंगावर काढलेली वळणं. लाकडाचे ट्रक तिथे कण्हत चढायचे. बोलून बसले होते खरी.

नंदुरबारला मोटारींच्या वायरिंगचं काम करणारे एक मुसलमान चाचा होते. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या त्याच गल्लीत, आणि माझ्या वडिलांशी त्यांची जुनी ओळख. नवऱ्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते मोटार बघायला गावात आले, बॉनेट उघडलं, आणि इंजिनामागच्या पत्र्यावर तारेनं बांधलेल्या एका काळ्या डब्याला त्यांनी टिचकी मारली. "बेटी, ही कॉइल या गाडीची नाहीच."

कॉइल म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पेल्याएवढा उभा डबा. बॅटरीची वीज अशक्त असते, ती या डब्यात शिरते आणि जबर होऊन डोक्यावरच्या जाड तारेतून बाहेर पडते. त्याच विजेची ठिणगी प्लगमधून इंजिनात पडते. ठिणगी मरतुकडी असली की इंजिन रिकाम्या अंगानं चालतं, ओझं आलं की बसतं. आमच्या मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची, आणि कुण्या फिटरानं तिच्यावर ट्रकची बारा व्होल्टची कॉइल चढवलेली. "वासराला बैलाचं जू," चाचा म्हणाले.

मी म्हटलं, मग नवी आणू. त्यांनी एक नवी कोरी, झगझगीत, सहा व्होल्टची म्हणून विकली जाणारी बसवून दाखवली. थोड्या वेळात ती इतकी तापली की वर पापड भाजला असता. मग विझलीच. चाचांनी ती उकिरड्यावर भिरकावली आणि ट्रकचीच परत बांधली. म्हणाले, हिला हिचीच लागेल, जिच्यासकट ती विलायतेतून आली. ती कुठे असेल अल्ला जाणे, पण ओळखायची कशी ते सांगतो.

ओळखायची कशी, तर आधी ती जिथे बसत होती ती जागा वाचायची. मी रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनामागचा पत्रा घासला. वर्षानुवर्षांचं तेलकट किटण निघालं आणि खाली दिसली दोन भोकं, आणि त्यांच्यामध्ये एक पट्टा, जिथला रंग अजून ताजा होता. म्हणजे मूळ कॉइलचा पट्टा तिथे घट्ट बसलेला असणार. ट्रकच्या कॉइलची भोकं त्याच्याशी जुळतच नव्हती, म्हणून तर फिटरानं ती तारेनं आवळली होती. मी अंगणातल्या कडुलिंबाची काडी तोडली आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत बरोब्बर मापून कापली. दुसरी खूण जाड तारेच्या टोकाला होती. तिथे पितळेचा आटा होता, म्हणजे खऱ्या कॉइलच्या डोक्यात तार खुपसायची नाही, फिरवून बसवायची. आणि तिसरी खूण म्हणजे बुडाशी सहाचा आकडा. चाचा म्हणाले, तिन्ही जुळल्या तर घे, दोनवर भुलू नकोस.

जाताना त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. चालू इंजिनाच्या प्लगची तार जराशी वर उचलायची आणि मधल्या ठिणगीत पेन्सिलीचं टोक धरायचं. टोकापाशी ठिणगीला तांबूस फुलोरा येतो. तो प्लगच्या बाजूला फुलला तर वीज सुलट चालली आहे. तारेच्या बाजूला फुलला तर उलट, आणि उलटी ठिणगी निम्म्या जिवाची. मला ते फार आवडलं. तेव्हा वाटलं, ही नुसती गंमतच.

मग माझी शोधाशोध सुरू झाली. नंदुरबार, धुळे, आणि शेवटी रेल्वेनं सुरत. नवरा बिचारा पिशवी धरून मागे मागे. सुरतेच्या भंगार बाजारात मी प्रत्येक कॉइलच्या पट्ट्यावर कडुलिंबाची काडी ठेवून बघायची. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "बेन, कॉइल लेवा आव्यां छो के दातण वेचवा?" म्हणजे कॉइल घ्यायला आलात की दातवण विकायला. आजूबाजूचे खो खो हसले. मीही हसले असते, पण मला राग आला होता.

तिथेच एक सापडली. पट्टा काडीला जुळला, डोक्यात आटे होते, बुडाला ठळक सहाचा आकडा. नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. दुकानदार देवाच्या शपथा घेऊ लागला. मला त्या शपथांनीच शंका आली. इतकी जुनी वस्तू आणि बुडाचा रंग एवढा कसा चमकतो? मी अंबाड्यातला आकडा काढला आणि तो सहा जरासा खरवडला. रंगाखालून पत्र्यात ठोकलेला बारा निघाला. मी ती कॉइल त्याच्या गल्ल्यावर अशी आपटली की गल्लीतली कुत्री उठली. परतीच्या गाडीत नवरा एवढंच म्हणाला, "तू भांडली नसतीस तर त्यानं चहा पाजला असता." शिवरात्र तोंडावर आली होती आणि हातात फक्त काडी होती.

शिवरात्रीच्या आधी घर सारवून देव उजळायचे, हे काम सुनेचं. देवघराच्या कडेला एक लहान देवळी होती, तीत एक शेंदऱ्या देव. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथेच. शेंदराचा ओबडधोबड गोळा, वरून निमुळता, आणि दोन्ही बाजूंना दोन कान. आम्ही शेतात सापडलेल्या देवांना असं शेंदूर लावून ठेवतोच, म्हणून तो कोण, कुठला, असं मी कधी विचारलंच नव्हतं. रोज कपाळाला एक आणि दोन्ही कानांना एकेक असं कुंकू लावायची आणि पुढे जायची. त्या दिवशी दुसऱ्या कानाला कुंकू लावलं आणि बोट तिथेच राहिलं. देवाला कान कशाला असतील?

काडी कनवटीलाच होती. मी ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत धरली. केसाचाही फरक नव्हता.

मी तिथेच फतकल मारून बसले. सासूबाई आल्या, त्यांनी काडी बघितली, मला बघितलं. मी विचारलं, "आई, हा देव कुठला?"

"तो मोटारमाधलाच शे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू कव्हय इचारं?"

मी सुरतेची गल्ली न् गल्ली पालथी घालून आले होते आणि या बाई मला विचारत होत्या, तू कधी विचारलंस! मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी सांगितलं. मोटार घरी आली त्या पहिल्या दसऱ्याला, नांगर, विळा, कोयता यांच्याबरोबर मोटारीचीही पूजा करायची होती. बॉनेट उघडलं. एवढ्या लोखंडात शेंदूर लावायचा कुठे? सगळं आडवंतिडवं, एकच वस्तू ताठ उभी, काळीभोर, देवासारखी. सासूबाईंनी तिलाच शेंदूर लावला. मग दर दसऱ्याला शेंदूर आणि तेल, डोक्यावर ओलं हळद-कुंकू, वर थोडं पाणी शिंपडायचं. पुढे मोटार ठसके देऊ लागली. धुळ्याहून एक फिटर आला, त्यानं ही कॉइल जळाली म्हणून काढली, ट्रकची बसवली आणि हिला उकिरड्यावर टाकायला निघाला. सासूबाईंनी त्याच्या हातातून ती हिसकावली. "शेंदूर लावेल देव उकिरडावर फेकस का कोनी?" देवघर बायकांचं, त्यामुळे घरातल्या पुरुषांना हे ठाऊकच नव्हतं.

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉइल जळालीच नव्हती. तिच्या डोक्यावर थापलेल्या ओल्या कुंकवातून ठिणगी बाहेरच्या बाहेर पट्ट्यावर उतरत होती आणि इंजिनापर्यंत पोचतच नव्हती. आमच्या घरानं पूजा करून करून कॉइलचा गळा दाबला होता, आणि पूजेमुळेच ती उकिरड्यावर न जाता वाचली होती. चाचांना नंतर हे सांगितलं, तर ते हसून हसून खोकलायला लागले.

पण सासूबाई देव द्यायला तयार होईनात. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी चिडले, आदळआपट केली, उपयोग शून्य. शेवटी मी भांडणं सोडलं आणि त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "आई, आबा भिंतीकडे तोंड करून आहेत. मला त्यांना तिथून उठवायचं आहे. दुसरं काही नाही."

त्यांनी देवळीतल्या देवाकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, देव उचलता येत नाही, पण देवाची खोळ उतरवता येते. फार शेंदूर चढला की देवाची खोळ काढून नदीत सोडतात, ही रीत आहेच. मात्र जागा रिकामी राहता कामा नये. मी पळत जाऊन ट्रकची कॉइल सोडून आणली. सासूबाईंनी तिला आंघोळ घातली, शेंदूर लावला आणि देवळीत बसवली. तिथे तिला चढ चढायचा नव्हता.

खोळ सासूबाईंनी स्वतः उतरवली. गोळा उन्हात ठेवला, कोमट तेल लावत राहिल्या, आणि लाकडी उलथन्यानं हळूहळू सोडवत गेल्या. माझ्या हाताला घाई असते म्हणून मला शिवू दिलं नाही. शेंदराची कवची दोन मोठ्या तुकड्यांत निघाली. आत ती, काळी, जराही गंज नसलेली, शेंदरानं राखलेली. डोक्यात पितळी आटे. दोन बारीक तारांच्या स्क्रूंपाशी इंग्रजी अक्षरं, एकाशी स्विचची, एकाशी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटची. मी बूड उलटं केलं. पत्र्यात ठोकलेला सहा, आणि शेजारी मोटारीच्या डायनॅमोवर होता तसाच कारखान्याचा बारीक ठसा. एकाच घरातून निघालेल्या दोघी. सासूबाईंनी कवची पदरात बांधली आणि तापीत सोडायला त्या माझ्या नवऱ्याबरोबर प्रकाशा गावच्या घाटावर गेल्या.

मी एकटीनं कॉइल बसवली. डोकं कोरड्या फडक्यानं पुसून पुसून चकचकीत केलं. पट्ट्याची भोकं पत्र्याच्या भोकांवर आली आणि स्क्रू बोटानंच आत गेले. अक्षरं बघून तारा लावल्या. हँडल मारलं तर पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. त्या आवाजावर ओसरीत खाट करकरली. मी दारातून डोकावले. आबांनी तोंड इकडे केलं होतं.

शिवरात्रीला पहाटे आबांना पुढच्या सीटवर बसवलं. मागे दीर बसला, मांडीवर भलामोठा दोर घेऊन, परत ओढून आणायला. शहादा गेलं, म्हसावद गेलं, घाटाचा पायथा आला. गोरखनाथाच्या जत्रेला निघालेले डोंगरातले पावरा आदिवासी रस्त्याच्या कडेनं चढत होते, डोक्यावर पोरं, खांद्यावर गाठोडी. बाईच्या हातात मोटार बघून बायका थांबून बघत, एकमेकींना कोपर मारत. पहिली चढण सहज गेली. दुसरं वळण घेतलं, पुढे खडा चढ लागला, आणि इंजिन ठसकलं. पुन्हा ठसकलं. मग मोटार थांबली.

कुणी न सांगता चालणाऱ्यांतल्या दोघांनी चाकांमागे दगड लावले. दिरानं विचारलं, "दोर सोडू का, भाभी?" तो टोचून बोलला नाही, तेच मला जास्त लागलं. मी आबांकडे बघितलं. ते आपल्या निकामी हाताकडे बघत होते. "परत चाल," ते म्हणाले. मोटारीला म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग राग. तिन्ही खुणा जुळतात, कॉइल हिचीच आहे, सपाटीला वाघिणीसारखी पळते, मग ओझ्याला का बसते? ठिणगी आहे, पण निम्मी. निम्मी म्हटल्यावर चाचांचं बोलणं आठवलं. मी उतरले, दिरासमोर हात पसरला आणि म्हटलं, "कानावरची पेन्सिल द्या." त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. पण दिली. हँडल त्यालाच मारायला लावलं. इंजिन लागल्यावर मी प्लगची तार लाकडाच्या चिमट्यानं उचलली आणि ठिणगीत पेन्सिलीचं टोक धरलं. तांबूस फुलोरा तारेच्या बाजूला फुलला.

उलट. अक्षरं खरी होती, तारा अक्षरांप्रमाणे होत्या, मग उलट कशी? मी बॅटरीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. सांगाड्याच्या तारेवर कारखान्यानं अधिकची खूण ठोकली होती, म्हणजे या मोटारीत बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला असायला हवं, आणि बॅटरी बदलताना कुण्या शहाण्यानं उणे टोक जोडून ठेवलं होतं. सगळी मोटारच उलटी झाली होती, कॉइल एकटी सुलट राहून काय करणार? मी इंजिन बंद केलं, कॉइलवरच्या दोन बारीक तारा सोडल्या आणि अदलाबदल करून आवळल्या. एवढंच. पुन्हा हँडल, पुन्हा पेन्सिल. या वेळी फुलोरा प्लगच्या बाजूला.

आवाजच बदलला होता. मघाशी इंजिन बोलत होतं, आता गरजत होतं. आम्ही बसलो, कुणीतरी दगड काढले, आणि मोटार उठली ती उठलीच. वळणामागून वळण आलं. एका ठिकाणी लाकडाचा ट्रक कण्हत चालला होता, त्याला मागे टाकून आम्ही पुढे निघालो, तेव्हा आबांनी डाव्या हातानं दारावर थाप मारली आणि हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. तोंड अर्धंच हसत होतं, पण डोळे पूर्ण. मागून दिराचा आवाज आला, "चढनी, भाभी, चढनी." दोर त्यानं कधीच पायाखाली टाकला होता.

वर तळ्याच्या काठी मोटार उभी केली तेव्हा भोवती जत्रा जमली. आबा सीटवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सातपुड्याच्या संस्थानिकापासून सगळी कथा सांगत होते, अडखळत, थुंकी पुसत, पण सांगत होते. कुणीतरी भाविक ताटलीत ओलं कुंकू घेऊन बॉनेटकडे आला. मी आडवी उभी राहिले. "टायरला लावा," मी म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सासूबाई उपाशी दारात उभ्या. आबांना खाटेवर बसवलं, तर ते पडले नाहीत, उशीला टेकून बसून राहिले आणि पाणी मागितलं. दीर खांबाशी उभा राहून दोराची गुंडाळी करत होता. मग म्हणाला, इंजिनाचं नाव काढणार नाही, शब्द दिला आहे, पण उसाला पाणी तर पाहिजे. आबांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "डिझेलवालं नवं इंजिन लेऊत. सकाय शहादाले जाऊत. मीच पसंत करसु."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शहाद्याला नेलं. दुकानासमोर मोटार उभी करून आबांनी बसल्या जागेवरून एकेक इंजिन बाहेर आणवून चालू करायला लावलं. कान लावून ऐकायचे आणि मान हलवायचे, हे नको, ते नको. दुकानदार त्यांना ओळखत होता. घामाघूम होऊन तो मोटारीजवळ आला आणि म्हणाला, आबा, तुम्ही तर अंथरुणावर आहात असं ऐकलं होतं, तुम्हाला इथवर आणलं कुणी?

आबांनी भर बाजारात, चार माणसांत, माझ्याकडे बोट केलं. "मन्ही सून लई उनी," ते म्हणाले. माझी सून घेऊन आली.

मग एक इंजिन पसंत पडलं. दीर ते बैलगाडीवर चढवून पुढे निघाला, आणि आबांच्या सांगण्यावरून आम्ही दोघं नदीकाठच्या लांबच्या रस्त्यानं घरी आलो.